वारजे ते सदाशिव पेठ, व्हाया कोथरूड: दोनशे चौदा पानांच्या मागे

लोक सुट्टीत स्पितीला जातात, कोकणात जातात. मी वारज्याहून सदाशिव पेठेत गेले, तिथून कोथरूडला, आणि परत सदाशिव पेठेत. अंतर इतकं कमी की गाडीचा पेट्रोलचा काटासुद्धा हलला नसता. पण गेल्या पाच वर्षांत जेवढे ट्रेक केले, त्यातल्या एकाही गडावर मी अशी गप्प उभी राहिले नव्हते. म्हणून हा ब्लॉग.

ठरलं कसं ते आधी सांगते. आमचा सात-आठ जणांचा ग्रुप आहे. आम्ही लोकांच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स बसवून देतो, फुकट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कॉम्प्युटर चालवणारी जी मूळ सिस्टिम असते ना, तसलीच एक, पण जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली. कुणीही घ्यावी, उघडून बघावी, बदलावी. म्हाताऱ्या मशिनवरही पळते. तर आम्ही एक हॉल घेतला, पोस्टर केलं, वर मोठ्ठं लिहिलं, ‘नवीन लोकांचं स्वागत’. आले चौघे. चौघेही इंजिनिअरिंगचे, चौघांकडे आधीच लिनक्स. आम्ही एकमेकांना वॉलपेपर दाखवले आणि घरी आलो.

घरी आईसमोर मी रडगाणं सुरू केलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “ज्या माणसाचा कॉम्प्युटर दहा वर्षांचा आहे, तो ते धूड काखेत मारून बसने तुमच्या हॉलवर येणार? तुम्हीच जा ना उठून.”

मग म्हणाली, “बाईंकडे जा. त्यांचा कॉम्प्युटर रोज काहीतरी धमकी देतो म्हणत होत्या.”

बाई म्हणजे आईच्या टायपिंगच्या बाई. लग्नाआधी आई त्यांच्या क्लासला जायची. क्लास कधीच बंद झाला, पण सत्तरीतही बाई घरून लोकांची हस्तलिखितं टाइप करून देतात. धमकी कसली ते मला लगेच कळलं. त्यांच्या जुन्या सिस्टिमला अपडेट मिळणं बंद झालं होतं आणि नवीन सिस्टिम त्या मशिनवर चालणार नव्हती. म्हणजे लिनक्ससाठी परफेक्ट केस! मी फोन केला. बाई म्हणाल्या, “शनिवारी ये. नऊला म्हणजे नऊला. आणि एक लक्षात ठेव, सोमवारी माझं काम प्रेसला जायचंय.”

मी म्हटलं, “बाई, दोन तासांत करते.”

हे वाक्य लक्षात ठेवा.

शनिवार, सकाळ

वारज्याच्या पुलाखालून पावणेआठची बस पकडली. शनिवारी बसायला जागा मिळते, डावीकडची खिडकी घ्या, ऊन लागत नाही. सॅकमध्ये दोन पेनड्राइव्ह, एक रिकामी हार्ड डिस्क, एक्स्टेन्शन बोर्ड (हा न्याच, जुन्या घरात प्लग नेमका कपाटामागे असतो), स्क्रू ड्रायव्हर आणि आईने दिलेला लाडवांचा डबा. डेक्कनला उतरून लकडी पुलावरून चालत गेले. पंधरा मिनिटं लागतात आणि ट्रॅफिकमधल्या रिक्षापेक्षा आधी पोचता. वाटेत पोहे आणि चहा, पन्नासच्या आत.

बाईंचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दार उघडल्या उघडल्या त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. नऊला दोन कमी. मला आत घेतलं, म्हणजे पास.

कॉम्प्युटरवर हाताने शिवलेलं कव्हर. मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी: ‘पडद्याला बोट लावू नये. हा फोन नाही.’ खुर्चीवर उशी, आणि कीबोर्ड असा की मी आजपर्यंत पाहिला नव्हता. कळांवरची अक्षरं पूर्ण पुसलेली. कोऱ्या कळा. मी विचारलं, “बाई, दिसतं कसं?”

“बघायचं कशाला?”

मी हसले. मला वाटलं जोक आहे.

कामाला लागले. त्यांच्या फाइल्स हार्ड डिस्कवर कॉपी केल्या, दोनदा तपासल्या. एका फोल्डरचं नाव इंग्रजीत ‘GAVAT’. बाई म्हणाल्या, “तेच ते. जपून.” एका रिटायर्ड सरांनी तीस वर्षं सह्याद्रीत हिंडून गवतांची नावं गोळा केली आहेत. कुठल्या गावात कुठल्या गवताला काय म्हणतात, गुरं कुठलं खातात, कुठलं छपराला लागतं. दोनशे चौदा पानं टाइप झाली होती, तपासून झाली होती, शेवटची बारा राहिली होती. सर आता ब्याऐंशीचे. “त्यांच्या डोळ्यांदेखत पुस्तक व्हायला हवं,” बाई म्हणाल्या. “छापील प्रत नाही हं माझ्याकडे. मी सगळं झाल्यावरच छापते. कागद काय झाडाला लागतात?” मग स्वतःच म्हणाल्या, “लागतात म्हणा.”

पेनड्राइव्ह लावला, मशिन चालू केलं. पहिल्या स्क्रीनवर भाषांची यादी येते. मी खाली खाली जात ‘मराठी’वर क्लिक केलं आणि अख्खा स्क्रीन मराठी झाला. मी हे पूर्वी कधी केलंच नव्हतं, मी नेहमी इंग्रजीच घेते. बाई चष्मा सरसावून पुढे झाल्या.

“‘प्रतिष्ठापन करा’?” त्या बटण वाचून म्हणाल्या. “गणपती आहे का? ‘बसवा’ म्हणा की सरळ. कुणी लिहिलंय हे?”

“कुणीतरी, बाई. असंच, आपल्या वेळात, फुकट.”

“पगार नाही?”

“नाही.”

बाईंनी ते बटण पुन्हा एकदा वाचलं. “मग रागवायला नको,” म्हणाल्या. “पण सांगायला हवं.”

मी ‘प्रतिष्ठापन करा’ दाबलं. जुनी सिस्टिम पुसली गेली, नवीन आली. पंचवीस मिनिटं. वायफाय चालू, आवाज चालू, आणि प्रिंटर तर काहीही न करता आपोआप सापडला. मला दर वेळी या क्षणाला अंगावर काटा येतो. कुठल्या तरी देशात बसून कुणीतरी आपल्या बाईंच्या त्या धुळकट प्रिंटरचा विचार करून ठेवलेला असतो! साडेदहा वाजले होते. दीड तास. मी स्वतःवर इतकी खूश होते की लाडवांचा डबा मीच उघडला.

“बसा बाई, तुमचं मशिन तयार.”

बाई उशीवर बसल्या. दोन्ही हात कोऱ्या कळांवर ठेवले. खिडकीबाहेर बघत त्यांनी एक ओळ टाइप केली आणि मग स्क्रीनकडे वळल्या. स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांचा कचरा होता.

“अहो बाई, सोप्पंय!” मी म्हटलं. मराठी चालू करून दाखवलं. “तुम्ही फक्त n, a, m, a असं टाइप करा, आपोआप ‘नम’ होतं.”

“म्हणजे मराठी लिहायला आधी इंग्रजीत लिहायचं?”

“तसं नाही... म्हणजे हो.”

“माझ्या बोटांना इंग्रजी येत नाही गं,” बाई शांतपणे म्हणाल्या. “पन्नास वर्षं ती टाइपरायटरच्या जागांवर पडतात. ‘क’ कुठे आहे विचारलंस तर मला सांगता येणार नाही. बोटाला विचार.”

मग त्यांनी GAVAT उघडलं.

दोनशे चौदा पानं. सगळी कचरा. कंस, स्वल्पविराम, इंग्रजी अक्षरं, टक्क्याची चिन्हं. एक शब्द मराठी नाही.

काय झालं होतं ते मला हळूहळू कळलं, ते तुम्हालाही सोप्यात सांगते, कारण तुम्ही कुणाचा जुना कॉम्प्युटर बदलायला गेलात तर ही चूक करू नका. जुन्या पद्धतीच्या मराठी टायपिंगमध्ये कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असतात. एक खास फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा घालतो. फाइल्स मी नेल्या होत्या. मुखवटा पुसून टाकला होता.

“फॉन्ट घेतलास का?” बाईंनी विचारलं.

“फॉन्ट... घ्यायचा असतो हे मला माहीत नव्हतं.”

“तू मराठी लिहितेस कशात?”

“फोनवर. इंग्रजी अक्षरांत.”

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या, आत गेल्या आणि विचारलं, “चहा घेणार?” मला रडू येत होतं. मी आमच्या पोस्टरवर ‘नवीन लोकांचं स्वागत’ लिहिलं होतं आणि एका नवीन माणसाला एकही प्रश्न न विचारता त्याचं घर रिकामं केलं होतं.

चहा समोर ठेवून बाई म्हणाल्या, “त्या फॉन्टची माझी सीडी सुधाकरकडे राहिलीय. कोथरूडला. आठ वर्षं झाली, आम्ही बोलत नाही.”

“का?”

“माझ्या टाइप केलेल्या पानात मला न विचारता दुरुस्ती केली होती त्याने.” कप माझ्याकडे सरकवत, “दुरुस्ती बरोबर होती. म्हणून तर.”

शनिवार, दुपार

डेक्कनहून मेट्रो घ्या. हे मी कुठल्याही परिस्थितीत सांगेन, तुमचं कितीही वाटोळं झालेलं असो. आनंदनगरला दहा मिनिटांत पोचवते, तिकीट चहा-वड्याएवढं, आणि वरून रस्त्यावरची ती गाड्यांची रांग बघताना आपण मोठे पुण्यवान वाटतो. मी मात्र त्या दिवशी सगळा वेळ काचेत स्वतःचा चेहरा बघत होते. त्या सरांना गवताची नावं सांगणाऱ्यांपैकी किती जण आज असतील, हाच विचार.

स्टेशनपासून सोसायटी चालत दहा मिनिटं. गेटवर वही. ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात मी लिहिलं, ‘फॉन्ट’. वॉचमन म्हणाला, “कुठल्या कंपनीचं पार्सल?”

सुधाकर काका म्हणजे हाफ पँट, बंडी, पांढऱ्या भुवया. एके काळी त्यांचं लग्नपत्रिका आणि हँडबिलं करून देण्याचं दुकान होतं, टायपिंग बाई करून द्यायच्या. मी दारातच सगळं एका श्वासात सांगितलं.

“बाईंनी पाठवलं?” काका म्हणाले. “स्वतःहून नाव घेतलं माझं?”

“हो.”

“काय म्हणाल्या?”

मी खरं ते सांगितलं. “दुरुस्ती बरोबर होती म्हणाल्या.”

काका दारातच थांबले. मग आत वळून कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, “आठ वर्षं लागली.”

सीडी पाच मिनिटांत सापडली. डबीवर बाईंच्या अक्षरात त्यांचं नाव, पैसे देऊन घेतलेली, पावतीसकट. माझ्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही. काकांनी पलंगाखालून त्यांचा जुना कॉम्प्युटर ओढला, बाजूला एक थाप मारली, तो चालू झाला. फॉन्ट पेनड्राइव्हवर आला. मी पळणार तेवढ्यात काका म्हणाले, “थांब. पानं दिसतील याने. पण बाई टाइप कशा करणार?”

मी वाटेत फोनवर शोधलं होतं. “टाइपरायटरसारखा मराठी कीबोर्ड आहे लिनक्समध्ये. कुणीतरी करून ठेवलाय, फक्त वेगळा घ्यावा लागतो.”

“बघू.” मी लॅपटॉपवर त्या कीबोर्डचा नकाशा दाखवला. काका एकेक कळ बघत गेले, ओठ हलत होते. “शाबास. कुणी केलंय? बरंच बरोबर आहे. पण बाईंची तीन अक्षरं वेगळी आहेत. ळ, ज्ञ आणि श्र. त्या ज्या मशिनवर शिकल्या त्यावर ती दुसरीकडे होती. मशिनं बदलली, बोटं बदलली नाहीत. मीच बसवून दिली होती त्यांना.”

आणि त्यांनी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या मागे, पंचवीस वर्षांपूर्वी लावलेल्या त्या तीन कळा, जराही न अडखळता काढून दिल्या. आठ वर्षं न बोललेल्या माणसाची बोटं कुठे पडतात हे या माणसाला पाठ होतं. मी ती पत्रिका वहीच्या मधे ठेवली, चुरगळू नये म्हणून.

शनिवार, चार वाजता

परत तीच मेट्रो, तोच पूल, तेच दोन मजले. फॉन्टची फाइल जागेवर ठेवली, GAVAT उघडलं.

कंस आणि टक्के गेले. पान भरून मराठी आली. ‘कुसळी’, ‘पवना’, ‘मारवेल’, ‘घाण्या’. बाई माउसवर हात ठेवून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फिरल्या, सगळी दोनशे चौदा. मी मागे उभी. शेवटच्या पानावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, “लाडू आण.”

मग कीबोर्ड. इथे मला तुम्हाला एक गोष्ट सांगायचीय, कारण मी चार वर्षं लिनक्स वापरतेय आणि मला ती त्या दिवशी पहिल्यांदा कळली. कुठल्या कळेने कुठलं अक्षर यायचं हे ठरवणारी फाइल साधी असते. मजकुराची फाइल. मी ती बाईंसमोर उघडली. एका ओळीत कळ, तिच्या समोर अक्षर. एवढंच.

“हे असं उघडं असतं?” बाईंनी विचारलं.

“हो.”

“कुलूप नाही?”

“नाही, बाई.”

“मग कुणी बिघडवलं तर?”

“आपण बिघडवलं तर आपल्याच घरातलं बिघडेल. आणि मूळची प्रत असतेच.”

लग्नपत्रिका समोर ठेवून मी ओळी बदलायला घेतल्या. बाईंनी पत्रिका उचलली, उलटीसुलटी केली. “सुधाकरने काढलं? न बघता?” मी मान हलवली. त्यांनी ती परत ठेवली, पण सरळ करून, कडेला कड लावून.

सेव्ह. रीस्टार्ट. बाईंनी हात ठेवले, पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं आणि सुरू झाल्या.

मी हरिश्चंद्रगडावरून सूर्यास्त पाहिलाय, कासची फुलं पाहिलीत. पण ते हात! मनगटं जागची हलत नव्हती. एक सलग टकटक, मधे खंड नाही, चूक नाही, नजर समोरच्या गॅलरीतल्या कबुतरावर. कोऱ्या कळांवर दहा बोटं धावत होती आणि पडद्यावर ओळ उमटत होती. आणि मला सकाळचा तो जोक आठवला, जो जोक नव्हताच.

ओळ होती: ‘ईशाने सकाळी माझी दोनशे चौदा पाने घालवली आणि संध्याकाळपर्यंत परत आणली. ज्ञ, श्र आणि ळ जागेवर आहेत.’

“मोज,” बाई म्हणाल्या. “किती सेकंद?”

मी घड्याळ लावलंच नव्हतं. मी तोंड उघडं टाकून उभी होते.

रविवार

रविवारचं थोडक्यात. जुनी पानं मुखवट्यातून काढून खऱ्या मराठीत आणायची होती, म्हणजे पुन्हा कधी कुठल्या फॉन्टवाचून अडायला नको. त्यासाठीही कुणीतरी छोटा प्रोग्रॅम करून ठेवला होता, फक्त जोडाक्षरांत अधूनमधून अडखळायचा. म्हणून प्रत्येक पान डोळ्यांखालून घालायला लागणार होतं. अकराला बेल वाजली. काका, इस्त्रीचा शर्ट, हातात आंबा बर्फी.

“तपासायला माणूस लागेल असं ही म्हणाली फोनवर,” काका माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. मी असं काही म्हटलं नव्हतं.

“दुरुस्ती दिसली तर आधी विचारायचं,” बाई म्हणाल्या.

“विचारीन.”

“मग बसा.”

दिवसभर एक जण वाचत होतं, एक जण तपासत होतं आणि मी वरणभात खात होते. ते दोघं दोनदा भांडले, एकदा शब्दकोशापर्यंत गेलं. उरलेली बारा पानं बाईंनी दुपारी दीड तासात टाइप केली. सोमवारी पुस्तक प्रेसला गेलं.

घरी

याला आता चार महिने झाले. ‘गवत’ छापून झालंय. सरांनी प्रत हातात घेऊन आधी वास घेतला म्हणे, मग शुद्धलेखनाची चूक शोधायला बसले. सापडली नाही.

आमच्या ग्रुपची यादी मी बदलली. आधी पहिला प्रश्न असायचा, ‘रॅम किती?’ आता आम्ही कुणाच्या घरी गेलो की पहिला अर्धा तास पेनड्राइव्ह काढतच नाही. सांगतो, तुमचं रोजचं काम करा, आम्ही बघतो. मग कळतं की कुणी बँकेचा पासवर्ड चिठ्ठीवरून बघतं, कुणाला अक्षर मोठं लागतं, कुणाच्या हिशेबी ‘इंटरनेट’ म्हणजे स्क्रीनवरचं एक ठरावीक चित्र, आणि ते उजव्या कोपऱ्यातच लागतं. जागेवरून हललं तर इंटरनेट गेलं.

बाईंचा कीबोर्ड तपासायला मी माझ्या लॅपटॉपवर पण घातला होता. एका संध्याकाळी मी तो तसाच चालू ठेवून उठले. परत आले तर आई ओले हात ओढणीला पुसत खुर्चीच्या कडेवर टेकलेली. तिने बोटं ठेवली, जरा अडखळली आणि मग न बघता, हळू, पण एकही चूक न करता आमचा पत्ता टाइप केला. “टायपिंगची मराठी तीसची परीक्षा पास आहे मी,” म्हणाली आणि कुकर बंद करायला गेली. मी बावीस वर्षं या घरात राहते. मला माहीत नव्हतं.

आणि बाई. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मला एक फाइल दिली. एक्केचाळीस ओळी. डावीकडे ‘सध्या आहे’, उजवीकडे ‘हवे’. पहिली ओळ: ‘प्रतिष्ठापन करा’, ‘बसवा’. मी ती लिनक्सचं मराठी भाषांतर सांभाळणाऱ्या लोकांना पाठवली. अशी यादी कुणीही पाठवू शकतं, तुम्हीही. बरेच दिवस काही नाही. परवा उत्तर आलं, मी ओळखत नसलेल्या कुणाचं तरी: ‘बसवा’ घेतलं आहे, आणखी एकोणचाळीस पण घेतल्या, आपले मनापासून आभार.

म्हणजे पुढच्या वेळी जो कुणी, कुठल्याही गावात, पहिल्यांदा तो स्क्रीन उघडून ‘मराठी’ निवडेल, त्याच्याशी सदाशिव पेठेतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाई बोलतील. त्याला ते कधीच कळणार नाही. मी हे चालत्या बसमध्ये वाचलं आणि माझा स्टॉप गेला. वारज्याच्या पुढून उलटी चालत आले.

घरी पोचल्या पोचल्या बाईंना फोन लावला आणि सगळं वाचून दाखवलं, आभारांसकट.

मग बाई म्हणाल्या, “एकूण एक्केचाळीस होत्या. एक का नाही घेतली?”